न घडलेल्या अपघाताचा दोष

वर्तमानपत्रांतील एक वाक्य आपण इतक्या वेळा वाचलेले असते की त्यावर आपली नजर थांबतच नाही : ‘ब्रेक निकामी झाल्याने वाहनावरील ताबा सुटला आणि अपघात घडला.’ भाषांतर हा माझा व्यवसाय असल्यामुळे क्रियेला कर्ता कोण, हे शोधण्याची मला सवय जडली आहे. या वाक्यात तीन क्रिया आहेत. परंतु माणूस एकही नाही. ब्रेक निकामी ‘झाले’, ताबा ‘सुटला’, अपघात ‘घडला’. पाऊस पडावा किंवा वीज कोसळावी, तसे हे सारे आपोआप होऊन गेले, असे हे व्याकरण सांगते. ते खरे आहे काय? या प्रश्नाने मला बरीच वर्षे अस्वस्थ केले आहे, आणि त्याचे कारण माझ्याच आयुष्यातील एक लहानसा प्रसंग आहे.

काही वर्षांपूर्वी दिल्लीत आम्ही घर बदलले. मयूर विहारहून इंदिरापुरमला सामान न्यायचे होते. त्यात बहुतेक वजन पुस्तकांचेच. एक पिकअप ठरविला. भाड्याविषयी घासाघीस करून मी दोनशे रुपये कमी करून घेतले. निघण्यापूर्वी चालक तरुणाने सीटखालून एक बाटली काढली, बॉनेट उघडले आणि आतल्या लहानशा डबीत थोडे ब्रेक ऑइल ओतले. मी सहज विचारले. “रोजच घालावे लागते, बाबूजी. कुठेतरी गळते आहे. किट बदलायचे तर दिवस मोडतो, मालक म्हणतो, पुढच्या महिन्यात पाहू,” असे त्याने हिंदीत सांगितले. मागच्या एका चाकाच्या आतल्या बाजूस ओला काळपट डाग होता. तोही मी पाहिला. पण सामान चढले होते, ऊन वाढत होते, नव्या घराची किल्ली घेऊन एक गृहस्थ ताटकळत उभे होते. मी काही बोललो नाही.

गाझीपूरचा उड्डाणपूल उतरताना पुढे वाहने थांबली. तरुणाने पेडल दाबले, ते खोल गेले. त्याने पुन्हा दाबले, तिसऱ्यांदा दाबले. एका सायकलरिक्षाच्या मागे हातभर अंतरावर आम्ही थांबलो. रिक्षात एक बाई मांडीवर मूल घेऊन बसली होती. तिने मागे वळूनही पाहिले नाही. संध्याकाळी घरी हा प्रसंग मी हसत हसत सांगितला. काहीच झाले नव्हते ना!

त्या दिवशी चाकाजवळ नेमके काय चालले होते, ते समजून घेतले पाहिजे. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा सतराव्या शतकात पास्कालने मांडलेला नियम. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील तेलावर दाब येतो, तो नळ्यांतून चाकापाशी जातो आणि लायनर ड्रमवर घट्ट बसतात. द्रव दबत नाही, म्हणूनच पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. रबरी वायसर झिजले, नळी गंजली, की तेल पाझरते. पातळी फार उतरली की आत हवा शिरते. हवा मात्र दबते. मग पायाचा जोर तिला दाबण्यातच खर्च होतो. शिवाय सामान्यतः वापरले जाणारे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो. ओलावा मुरलेल्या तेलासाठी ही मर्यादा १४० अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक तापले की असे तेल उकळते, त्याची वाफ होते आणि पेडल एकाएकी पोकळ होते.

म्हणजे बहुधा ब्रेक ‘फेल’ होतात ते एका क्षणात नव्हे. आजच्या वाहनांत तेलाचे दोन वेगळे मार्ग असतात. एक गळाला तरी दुसरा काही काळ सांभाळून घेतो. डबीतील पातळी उतरते, चाकाजवळ डाग पडतो, पेडल मऊ लागू लागते. हे तीन साक्षीदार आहेत, आणि रोजची ती बाटली म्हणजे साक्षीदारांचे तोंड बंद करण्याचा उपाय होय. तेल भरल्याने गळती थांबत नाही. थांबते ती फक्त आपली काळजी.

साक्षीदार हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाविषयी एक नियम आहे. बैलाने अचानक कोणाला ठार केले तर मालक निर्दोष. पण तो पूर्वीपासून मारका असून मालकाला तसे कळविले होते, तरीही त्याने त्याला आवरले नाही, तर मालकही जबाबदार. येथे ‘कळविले होते’ असा अर्थ देणारे हिब्रू क्रियापद ‘साक्ष’ या अर्थाच्या धातूपासून आले आहे : मालकासमोर साक्ष झालेली आहे. पुढे मिश्नामध्ये रब्बी यहूदा यांच्या मते, तीन दिवस साक्ष झाली म्हणजे बैल ‘मूआद’, अर्थात साक्षांकित ठरतो. त्यानंतर ‘मला ठाऊक नव्हते’ हा बचाव उरत नाही. दोष बैलाच्या शिंगात नाही, शिंगाविषयी कळल्यानंतरच्या स्वस्थतेत आहे.

आपला आजचा कायदा याहून एक पाऊल पुढे जातो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९० प्रमाणे, जो दोष माहीत होता किंवा साधारण काळजी घेतली असती तर माहीत होऊ शकला असता, असा धोकादायक दोष असलेले वाहन चालविणारा आणि चालवू देणारा, दोघेही अपराधी आहेत. मुंबई उच्च न्यायालयातून आलेल्या एका लॉरी-अपघाताच्या खटल्यात १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, यांत्रिक बिघाडाचे कारण सांगणाऱ्या मालकानेच आपण वाजवी काळजी घेतली होती व तरीही दोष लपून राहिला, हे सिद्ध केले पाहिजे. इंग्लंडमध्ये १९६९ साली हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर अगदी ब्रेक ऑइलचाच खटला आला होता. उतारावर एका लॉरीच्या गंजलेल्या नळीला छिद्र पडून तेल निघून गेले आणि एका मनुष्याचा प्राण गेला. नळीचा तो भाग ती काढल्याशिवाय दिसण्यासारखा नव्हता. नेहमीची तपासणी आपण करीत होतो, असे मालकांचे म्हणणे होते. तरीही बहुमताचा निर्णय त्यांच्या विरुद्ध गेला. गंज चढावा असे काही त्या लॉरीच्या पूर्वायुष्यात घडलेच नव्हते, हे त्यांनी दाखवून दिले नव्हते.

‘ब्रेक फेल’ हे शब्द किती सहज ओठांवर येतात, याचे उदाहरण पुण्याचे आहे. २० नोव्हेंबर २०२२ रोजी नवले पुलाजवळच्या उतारावर एका ट्रकने अनेक वाहनांना धडक दिली. प्रथम ऐकू आले ते ब्रेक फेल झाल्याचेच. प्राथमिक तपासात मात्र चालकाने इंधन वाचविण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती, असे पोलिसांनी सांगितले. इंजिन बंद असले की अशा वाहनात ब्रेकसाठी लागणारा हवेचा दाब पुन्हा भरत नाही. कर्ता होता, केवळ वाक्यातून गळला होता.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. तत्त्वज्ञ थॉमस नेगेल यांनी १९७६ साली ‘नैतिक नशिबा’चा विचार मांडताना नेमका ट्रकचालकाचाच दाखला घेतला. ब्रेक तपासून घेण्यात हयगय केलेला चालक. त्याच्यासमोर मूल आले तर तो जन्मभर स्वतःला दोष देईल. तेवढीच हयगय केलेला दुसरा चालक. त्याच्यासमोर कोणी आलेच नाही, म्हणून तो सुखाने झोपतो. दोघांच्या वागण्यात तिळमात्र फरक नाही; फरक रस्त्यावर कोण होते, एवढाच. मग दोष अधिक कोणाचा? कलम १९० सुद्धा अपघात घडून इजा झाली तर अधिक कडक शिक्षा सांगते. कायद्याला परिणाम मोजावेच लागतात, कारण मनातले मोजण्याचे साधन त्याच्यापाशी नाही. ज्याचे मूल गेले, त्याच्या दुःखापुढे ‘दोघे सारखेच’ असे म्हणण्याची माझीही हिंमत होणार नाही. त्या चालकाकडे भरपाईचे ऋण येते, ते दुसऱ्याकडे येत नाही, हे खरे.

परंतु सदसद्विवेकबुद्धीपुढे हिशेब निराळा आहे. तेथे प्रश्न विचारला जातो तो बाटली उघडल्या क्षणाविषयी, धडकेच्या क्षणाविषयी नव्हे. धडक ही हाताबाहेरची गोष्ट असेल. बाटली हातातलीच होती. गाझीपूरला हातभर अंतर उरले, त्यात माझे पुण्य काहीच नव्हते; आणि ते उरले नसते, तर माझा दोष त्या क्षणी जन्मास आला नसता. तो मयूर विहारलाच, मी गप्प राहिलो तेव्हा, पूर्ण झाला होता.

कोणी म्हणेल, दोष चालकाचा व मालकाचा. भाडेकरूचा काय संबंध? चालकाच्या अडचणीला मी कमी लेखत नाही. दिवस मोडला तर त्याची चूल मोडते. पण म्हणूनच दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. दुरुस्ती पुढच्या महिन्यावर टाकणारा मालक, मर्यादेपेक्षा अधिक माल चढविणारा व्यापारी आणि दोनशे रुपये वाचविल्याचा आनंद मानणारा मी, अशा अनेकांनी मिळून ते पेडल मऊ केलेले असते. दोष वाटला गेला म्हणून प्रत्येकाचा वाटा शून्य होत नाही.

न घडलेल्या अपघाताचा पश्चात्ताप करता येतो काय? मला वाटते, येतो. किंबहुना तोच पश्चात्ताप कोणाच्या प्राणांचे मोल न देता करता येतो. मी त्या दिवशी एवढेच म्हणायला हवे होते : “सामान उद्या नेऊ. आज किट बदलून घे. खर्चात माझाही हातभार.” किल्लीवाले गृहस्थ रागावले असते, पुस्तके आणखी एक रात्र खोक्यांत राहिली असती. वाचकहो, आपल्या दारी उद्या सामानाची गाडी, शाळेची व्हॅन किंवा वऱ्हाडाची जीप उभी राहील, तेव्हा भाडे विचारण्याआधी ब्रेकविषयी विचारा. आणि उत्तर मिळाल्यावर गप्प राहू नका. पुढे रिक्षात मूल घेऊन बसलेली बाई मागे वळून पाहणार नाही. पाहायचे आहे ते आपण.