दुबईची बहीण

प्रेमकथेचा शेवट आधीच कळतो, अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. धनुष्य रामच मोडणार हे ठाऊक असूनही सीतास्वयंवराच्या कीर्तनातून कुणी उठून जात नाही. आमच्या पुस्तक-भिशीने या खेपेला निवडलेल्या कादंबरीवर मी वैतागले ती शेवटामुळे नव्हे, मधल्या दीडशे पानांमुळे.

नायिका हुशार. स्वतःचा व्यवसाय चालवते, बँकेच्या मॅनेजरशी व्याजदरावरून हुज्जत घालते. अशी बाई नायकाला हॉटेलात कुणा बाईचा हात हातात घेऊन बसलेला पाहते, आल्या पावली परतते, त्याचा नंबर ब्लॉक करते आणि शहरच सोडते. ती बाई त्याची बहीण निघणार हे मला त्याच पानावर कळलं. (बहीण दुबईहून आलेली असते. अशा बहिणी परदेशातूनच येतात आणि तोवर त्यांचं नावही कुणी काढलेलं नसतं.) बँकेच्या मॅनेजरला न घाबरणारी बाई ‘ही कोण?’ एवढं विचारत नाही, कारण तिने विचारलं तर पुस्तक तिथेच संपेल. नायिकेला लेखिकेच्या सोयीसाठी बावळट व्हावं लागतं.

भिशीत मी हे बोलून दाखवलं, तर उत्तर आलं, ‘अगं, हलकंफुलकं आहे, किती मनावर घेतेस!’ मला कादंबरीपेक्षा हेच जास्त लागलं. याच मंडळींनी मागे एका रहस्यकथेची सालटी काढली होती, कारण खुनी शेवटच्या प्रकरणात पहिल्यांदा उगवला होता. तिथे ती वाचकाची फसवणूक आणि इथे मात्र सगळं माफ! ही माफी वरवर उदार दिसते. तिच्या तळाशी तुच्छताच असते: बायकांचं वाचन, त्याला कसला आलाय दर्जा.

प्रेमकथा मनापासून वाचणाऱ्या बायका इतक्या उदार नसतात. जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासक बाईंचं ‘रीडिंग द रोमान्स’ १९८४ साली आलं. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या एका गावात प्रेमकथा नेमाने वाचणाऱ्या बायकांशी बोलून त्यांनी ते लिहिलं. घरच्यांच्या हाकांमधून स्वतःपुरता वेळ ओढून काढणाऱ्या या बायका मिळेल ते वाचत नसत. पुस्तकाच्या दुकानातल्या जाणकार विक्रेतीचा सल्ला घेत, आणि फसलेली प्रेमकथा कोणती यावर त्यांची मतं ठाम होती. आपल्याकडेही ना. सी. फडक्यांनी ‘प्रतिभासाधन’मध्ये कथानकाच्या रचनेचा बारकाईने विचार केला. त्यांच्या गुलाबी कादंबऱ्यांना आज आपण हसतो खरे, पण गोष्ट रचणं हे कसबाचं काम आहे, हे त्यांनी कधी हसण्यावारी नेलं नाही.

जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्येही गैरसमज आहेत. पण एकसष्ट प्रकरणांच्या या कादंबरीत डार्सी चौतिसाव्या प्रकरणातच एलिझाबेथला मागणी घालतो. ती त्याला झिडकारते, आणि लगेच पुढच्या प्रकरणात तो खुलाशाचं लांबलचक पत्र तिच्या हातात ठेवतो. दुबईची बहीण अर्ध्या वाटेवरच उघड झाली म्हणा ना! तरी उरलेली पानं आपण सोडत नाही. कारण तिला आवडलेल्या विकहॅमबद्दलची खरी माहिती पत्रातून मिळाली, तरी माणसं ओळखण्यात आपण किती चुकलो, हे पचवायला एलिझाबेथला वेळ लागतो.

‘मोबाइल आल्यापासून प्रेमकथा लिहिणं अवघड झालंय,’ असंही भिशीत कुणीतरी म्हणालं. एका फोनवर गैरसमज मिटतो म्हणे. पण अडचण फोनची नसते. ऑस्टिनच्या मृत्यूनंतर, १८१७ च्या अखेरीस आलेल्या ‘पर्स्वेजन’मधली अ‍ॅन एकोणिसाव्या वर्षी आईसमान लेडी रसेलच्या सल्ल्याने वेंटवर्थशी ठरलेलं लग्न मोडते. आठ वर्षांनी तो समोर येतो. दोघं त्याच दिवाणखान्यात बसतात, त्याच लोकांबरोबर फिरायला जातात. हवं ते विचारायला अंतर चार पावलांचं असतं. तो दुखावलेला आहे आणि तिला आता हक्क उरला नाही असं वाटतं, म्हणून विचारलं जात नाही. अ‍ॅनच्या हातात मोबाइल असता, तरी तिने त्याचा नंबर लावला नसता.