लौकिकाची मोजणी

नवी मुंबईत विमानतळाच्या आसमंतात सिडकोने ज्या आंतरराष्ट्रीय विद्यानगरीची तजवीज चालविली आहे, तिच्या निमित्ताने १४ जून २०२५ रोजी मुंबईत पाच परदेशी विद्यापीठांना इरादापत्रे देण्यात आली. त्यांत ॲबर्डीन आणि यॉर्क ही दोन ब्रिटिश. पहिले १४९५ चे, म्हणजे वास्को द गामा कालिकतला लागण्यापूर्वीचे. दुसरे १९६३ चे, आमच्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाहून वर्षाने धाकटे. ही दोघे एका पंक्तीस आली ती वयाने नव्हे, क्रमांकाने. कारण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनी जागतिक क्रमवारीतील पहिल्या पाचशेंतले स्थान हीच अशा प्रवेशाची मुख्य अट ठरविली आहे.

विलायती विद्यापीठांचा लौकिक महाराष्ट्राने पूर्वी असा यादीत वाचला नव्हता. लंडन आपल्याकडे आले ते परीक्षेच्या रूपाने. १८५७ चे मुंबई विद्यापीठ त्याच्याच धर्तीवर, स्वतः न शिकविता परीक्षा घेणारे असे उभे राहिले. केंब्रिज आले ते मनुष्यरूपाने. दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत, पहिला क्रमांक विभागून का होईना, सीनियर रँग्लर झाले, आणि 'रँग्लर' हे उपपद त्यांच्या नावाला जन्माचे जडले. आंबेडकरांचे उदाहरण मला याहूनही मोलाचे वाटते. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे अर्धा टाकावा लागलेला अभ्यास पुरा करण्यासाठी, सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीची शिल्लक गाठीशी बांधून, ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला १९२३ साली लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. मिळाली, तेव्हा लौकिक पदवीधराचा अधिक वाढला की विद्यापीठाचा, हे सांगणे कठीण आहे.

मौज अशी की, रँग्लरांची गुणानुक्रमे यादी जाहीर करण्याचा आपला रिवाज केंब्रिजने १९०९ नंतर मोडीत काढला, आणि शतक उलटण्यापूर्वीच, २००३ साली शांघायने व पुढल्या वर्षी लंडनच्या टाइम्सच्या उच्चशिक्षण पुरवणीने क्यूएस संस्थेच्या साहाय्याने, खुद्द विद्यापीठांचीच तशी यादी छापण्यास आरंभ केला. शांघायकर निदान नोबेल पारितोषिके आणि शोधनिबंध मोजतात. क्यूएसच्या गणितात मात्र सुमारे ४५ टक्के भार अध्यापकांच्या आणि नोकरी देणाऱ्यांच्या मतांवर आहे. लौकिकावरून क्रमांक लागावा आणि त्या क्रमांकाने पुन्हा लौकिक वाढावा, हा चक्रवाढ व्याजाचा व्यवहार झाला. त्यात जुन्या भांडवलदाराचे फावते, हे वेगळे सांगावयास नको.

मूळ संस्थेच्या तोडीची पदवी द्यावी, असे नियमांत बजावले आहे खरे. परंतु ज्या संशोधकांच्या जिवावर ॲबर्डीनने आपले स्थान मिळविले, ते स्कॉटलंडातच राहणार असतील, तर खारघर-नेरुळच्या पालकाने शुल्क भरताना नेमके काय विकत घेतले? परांजपे फर्ग्युसनमध्ये शिकवावयास परतले, म्हणून केंब्रिजचे गणित पुण्याच्या मुलांना फळ्यावर पाहावयास मिळाले. यॉर्कचे कोणते अध्यापक मुंबईत येणार आणि किती वर्षे टिकणार, याचा रकाना कोणत्याही क्रमवारीत नाही.