जवाच्या भाकरी
(योहान ६:१–१३)



पांच हजार पुरुषांस जेवूं घातल्याची कथा चारही शुभवर्तमानकारांनीं सांगितली आहे. परंतु त्या भाकरी जवाच्या होत्या हें एकटा योहानच सांगतो. त्या देशांत गहूं हें संपन्नांचें धान्य होतें, जव गरिबांचें. अंद्रियानें ती शिदोरी पाहिली आणि एवढ्यानें काय होणार, असें त्यास वाटलें. प्रभूनें मात्र गव्हाची भाकर आणविली नाहीं. त्यानें तीच हातांत घेतली, तिच्याबद्दल उपकारस्तुति केली, आणि तीच सर्वांस वांटली.

ह्या वचनानें मला माझ्याच एका अपराधाचें स्मरण होतें. गेल्या पावसाळ्यांत मी एका खेड्यांत कुटुंबभेटीस गेलों होतों. घरची बाई विधवा, मोलमजुरी करणारी. मी ओसरीवर बसतांच तिनें आपल्या मुलीस हळूच दुकानीं पिटाळलें, आणि थोड्या वेळानें माझ्यापुढें चहा व बिस्किटांचा पुडा आला. चुलीपाशीं टोपल्यांत बाजरीच्या भाकरी झांकून ठेविल्या होत्या. शेजारीं मेथीची भाजी होती. मुलगी दारांत उभी राहून माझ्या हातांतील बिस्किटाकडे पाहत होती. "बाई, आज भाकरीच वाढा," एवढे शब्द माझ्या तोंडून निघाले नाहींत. वाटेंत प्रचारक म्हणाले, "पाळकसाहेब, तो पुडा उधारीचा होता. आपण येतां तेव्हां बहुतेक घरीं असेंच होतें. आपणांस भाकरी कशी वाढावी, ह्याची त्यांना लाज वाटते."

बंधूंनो, ही लाज त्यांना कोणी शिकविली? आम्हींच शिकविली. शब्बाथशाळेंत वचन पाठ म्हणणाऱ्या लेंकरास आम्ही बक्षीस म्हणून चकचकीत पुडा देतों. मग पुडा हा मान व भाकरी हें दारिद्र्य, असें तें लेंकरूं समजलें तर दोष कोणाचा?

आणि त्या टोपल्यांत काय होतें तें पाहा. शंभर ग्रॅम बाजरींत सुमारें ६ मिलिग्रॅम लोह असतें; बिस्किटें ज्याचीं होतात त्या मैद्यांत सुमारें २. नाचणींत तर हाडें बळकट करणारें कॅल्शियम शंभर ग्रॅमांस सुमारें ३५० मिलिग्रॅम असतें. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष अशाच पौष्टिक तृणधान्यांचें म्हणून पाळिलें. इकडे २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या आपल्या देशांतील दर १०० मुलांपैकीं ६७ मुलांच्या अंगीं रक्त कमी आढळलें. जगाच्या सभेनें ज्या धान्याचा सन्मान केला, तें आमच्या घरीं पाहुण्यापासून लपविलें जातें!

बिस्किट खाणें पाप आहे, असें मी म्हणत नाहीं. देवाचे उपकार मानून घेतलेलें कोणतेंही अन्न अशुद्ध नाहीं. परंतु त्यासाठीं कर्ज काढूं नये, आणि तें लेंकरांचें जेवण होऊं देऊं नये. भाकरीबरोबर पालेभाजी किंवा मुगामटकीची उसळ असूं द्या. तिच्यावर लिंबू पिळा, म्हणजे अन्नांतील लोह अंगीं लागतें. जेवतांना चहा देऊं नका. तो त्या लोहास अडवितो. गोड पाहिजे तर शेंगदाण्याचें कूट व तीळ थोड्या गुळांत वळून लाडू करा. गूळही साखरेचाच भाऊ आहे, म्हणून हात आंखडून घाला. सकाळची उरलेली भाकरी कुस्करून, किंचित् गूळतूप घालून मलिदा केल्यास कोणतें लेंकरूं नको म्हणेल? सर्व तृप्त झाल्यावर प्रभूनेंही तुकडे गोळा करविले, आणि जवाच्या भाकरींच्या बारा टोपल्या भरल्या. त्यांतील कांहीं वायां जाऊं दिलें नाहीं.

प्रचारक बंधूंनो, आरंभ आपणांपासून व्हावा. घरीं पाऊल ठेवितांच सांगा, "चुलीवर जें असेल तेंच चालेल." बक्षीस द्यावयाचें तर लाडू द्या.

त्या बाईच्या घरीं मी पुन्हां जाणार आहें. ह्या वेळीं आधींच निरोप धाडिला आहे कीं पाळक भाकरी खावयास येत आहेत. ती टोपली तिनें संकोच न धरितां माझ्यापुढें ठेवावी, आणि त्या मुलीनें माझ्या शेजारीं बसून तीच भाकरी आनंदानें खावी, एवढीच माझी प्रार्थना आहे. आमेन.