वेदनेची साक्ष

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९९६ साली लोकांच्या मतदानाने गांजाचा औषधी उपयोग मान्य केला. पुढे अनेक राज्यांनी त्यासाठी कार्डे देण्यास आरंभ केला. १९७० च्या केंद्रीय कायद्यामुळे डॉक्टरला गांजाची चिठ्ठी लिहिता येईना, म्हणून शिफारशीची रीत निघाली. शिफारस पाहून राज्य कार्ड देते, कार्ड पाहून दुकानदार गांजा देतो.

पुष्कळ राज्यांनी रोगांची यादी ठरविली आहे. कर्करोग, फेफरे; आणि बहुधा ‘जुनाट वेदना’ही. कर्करोग तपासणीत दिसतो, वेदना कोणास दिसावी? ओक्लाहोमाने तर २०१८ साली यादीच ठेवली नाही. म्हणजे बराचसा भार रोग्याच्या शब्दावर!

आमची अडचण येथे आहे. दुखत नसता ‘दुखते’ म्हणणारा कायद्याला फसवितो, हे उघडच आहे. पण तो खऱ्या दुखणाइताचा शब्दही स्वस्त करतो. औषधोपचाराच्या ओकाऱ्यांनी खंगलेली कर्करोगाची बाई कार्ड काढते, तेव्हा लोक एकमेकांकडे पाहून हसतात. (आम्हीही कदाचित हसलो असतो.) तिने आपले दुखणे आणखी किती जणांना पटवून द्यावे?