निष्कामता दुसऱ्याकडून मागता येते का?

कामाने माणूस खचतो तेव्हा दोष कुठे शोधायचा? त्याच्या मनात, की त्याच्या कामाच्या जागेत? अनेक कंपन्यांनी याचे उत्तर कृतीतून देऊन टाकले आहे. ध्यानाचे वर्ग, योगशिबिरे, ताण हाताळण्यावरची व्याख्याने, मन शांत ठेवणारी ॲप्स हे सगळे उपाय मनावरचे आहेत. कामाचे तास, अपुरी माणसे, दर महिन्याला वाढणारे टार्गेट यांना कोणी हात लावत नाही. आपल्याकडे तर या उत्तराला गीतेचाही टेकू मिळतो : फळाची आस सोडून काम करा, ताण आपोआप जाईल. पण हा टेकू गीतेला धरून नाही. कामाची जागा माणसाला झेपेल अशी ठेवणे ही मालकाची मर्जी नाही, तो त्याचा धर्म आहे, असे मी मानतो.

आधी अनुभवाचा पुरावा पाहू. ब्रिटनमधल्या सुमारे १८ हजार सरकारी नोकरांची ‘व्हाइटहॉल’ पाहणी १९६७ मध्ये सुरू झाली. हे सारे पुरुष सरकारी कार्यालयांत काम करणारे, कायम नोकरीतले होते आणि देशात सरकारी आरोग्यसेवाही होती. तरीही नोकरीची पायरी जितकी खालची, तितके हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण जास्त आढळले. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब धरूनही या फरकाचा अर्ध्याहून कमी भाग उलगडला. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणीत स्त्रियाही होत्या. आपले काम कसे, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचे हे ठरवण्याची मुभा ज्यांना कमी, त्यांना हृदयविकाराचा धोका अधिक, असे तिच्यात दिसले. मनावरच्या उपायांचे काय? ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतील ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. ध्यानवर्ग, ॲप्स आणि ताणविषयक प्रशिक्षण घेतलेले लोक ते न घेतलेल्यांपेक्षा बरे आढळले नाहीत. ही एका वेळची पाहणी आहे. तिच्यावरून ध्यान व्यर्थ ठरत नाही. पण रचना तशीच ठेवून माणसाला सोशीक बनवले की झाले, या समजुतीला तिच्यात आधार मिळत नाही, एवढे नक्की.

आता गीतेकडे वळू. फलाशा सोडण्याचा उपदेश कर्त्याला आहे आणि तो त्याने स्वतःला लावून घ्यायचा आहे. अर्जुनाने आसक्ती सोडावी, असे श्रीकृष्ण सांगतात. दुसऱ्याने आसक्ती सोडावी आणि तिचे फळ अर्जुनाने घ्यावे, असे कुठेही सांगत नाहीत. साधना म्हणून स्वीकारलेला त्याग मुक्त करतो. वरच्याने खालच्यावर लादलेला त्याग मात्र शोषण असतो, मग त्याला नाव कोणतेही द्या. शिवाय अठराव्या अध्यायात गीता कर्माची पाच कारणे मोजते : अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारचे प्रयत्न आणि दैव. केवळ स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याला नीट दिसत नाही, असेही ती पुढे बजावते. मग कामाच्या ताणाचा सगळा भार एकट्या कामगाराच्या मनावर टाकणारा मालक हीच चूक दुसऱ्याच्या बाबतीत करत नाही का?

मालकाचे कर्तव्य काय, हे आपल्या परंपरेने मोघम ठेवलेले नाही. दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्ध एका तरुण गृहस्थाला सहा दिशा म्हणजे सहा नाती, असे समजावतात. त्यांत खालची दिशा सेवकांची आहे. तिच्याबाबत धन्याची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : ज्याच्या त्याच्या ताकदीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, चांगलेचुंगले वाटून खावे, वेळेवर सुट्टी द्यावी. काम किती द्यायचे, हा प्रश्न इथे पहिलाच आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यानेही उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय असावी, असे सांगितले. दुकाने त्या कायद्याबाहेर राहिली, आणि कापडदुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या स्त्रियांना साध्या खुर्चीसाठी झगडावे लागले. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये बसण्याचा हक्क दुकानांच्या कायद्यात घातला. सुजलेल्या पायांवर समत्वाचा उपदेश हा इलाज नव्हे.

इथे एक गंभीर आक्षेप येतो. सावता माळ्याला मळ्यातच विठ्ठल भेटला, गोरोबा माती तुडवतानाच नामात रंगले. मग परिस्थिती बदलण्यापेक्षा दृष्टी बदलणे श्रेष्ठ नाही का? दृष्टीचे मोल मी नाकारत नाही. पण मळा सावतोबांचा होता आणि चाक गोरोबांचे. हात कधी थांबवायचा हे ते स्वतः ठरवू शकत होते. ही मुभा जिला नव्हती ती जनाबाई, नामदेवांच्या घरची दासी. तिच्या नावावरच्या अभंगांत विठ्ठल तिला सहन कर म्हणत नाही. तो जात्याला हात लावतो, शेण गोळा करतो, पाणी भरतो. ओझे वाटून घेणे हीच तिथे कृपा आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. एकट्या मालकाने माणुसकी दाखवली तर तो स्पर्धेत मागे पडेल, ही भीती खोटी नाही. म्हणूनच असे बदल सर्वांवर एकदम लागू व्हावे लागतात. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या साप्ताहिक सुट्टीसाठी लढा दिला आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. सुट्टी सगळ्याच गिरण्यांना, त्यामुळे ती देणारा एकटा पडला नाही. सुखी कामगार जास्त उत्पादन देतो, हा युक्तिवाद मात्र मी करणार नाही. ते अनेकदा खरे असेलही. पण उद्या उत्पादन वाढले नाही, तर मालकाचे कर्तव्य संपेल का? आजाऱ्याची काळजी घे, असे सांगताना बुद्धांनी नफ्याची अट घातलेली नाही. ध्यानवर्ग जरूर असावेत, पण त्यांचा क्रम नंतरचा. कामाचा बोजा, तास, विश्रांती आणि ठरवण्याची मुभा आधी नीट करावी; ते करण्याची सत्ता ज्याच्या हाती आहे, त्याने दुसऱ्याला निष्काम होण्याचा उपदेश करण्यापूर्वी स्वतःच्या फलाशेला मर्यादा घालावी.