कुलकर्ण्याची लेखणी

राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादचे महिपती (१७१५–१७९०) हे गावचे कुलकर्णी. शेतसारा, थकबाकी, जमिनीच्या नोंदी यांचं दप्तर वंशपरंपरेनं त्यांच्याकडे आलेलं. पोट लेखणीवरच चालायचं. एके दिवशी ते पूजेला बसलेले असताना जहागिरदाराचा शिपाई बोलवायला आला. पूजा आटोपून येतो म्हणाले, तर त्यानं अद्वातद्वा बोलून त्यांना उठवलं. महिपती गेले, काम उरकलं, घरी परतले आणि यापुढं सरकारी कामाला लेखणी लावणार नाही, अशी शपथ घेतली. ही आख्यायिका आहे. तिचा तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतो. पण त्या लेखणीतून काय काय उतरलं, ते घरोघरच्या देव्हाऱ्यात आहे. 'संतलीलामृत' १७५७ चं, 'भक्तविजय' १७६२ चा, 'भक्तलीलामृत' १७७४ चं.

ही गोष्ट ऐकली की नोकरदार वाचक सुस्कारा टाकतो: त्यांनी दप्तर सोडलं म्हणून जमलं, आपल्याला कसं जमणार? नळाला पाणी यायची वेळ, डबे, एमआयडीसीतली पाळी, मुलांचा अभ्यास, मधेच कुणाचं लग्न, कुणाचा दहावा. उशाशी ठेवलेलं पुस्तक तसंच राहतं. वाचलेल्यावर चार ओळी लिहिणं तर आणखी लांबची गोष्ट. वरवर हा घड्याळाचा प्रश्न दिसतो. मुळात तो आपल्या धर्मविचारातला फार जुना प्रश्न आहे: प्रपंच स्वाध्यायाच्या आड येतो का?

तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत याचं उत्तर एका यादीच्या रूपानं आलं आहे. माणसाची कर्तव्यं एकेक करून सांगितली आहेत: सत्य, तप, इंद्रियनिग्रह, अग्निहोत्र, अतिथी, लोकव्यवहार, मुलंबाळं. आणि प्रत्येकाला स्वाध्याय आणि प्रवचन ही जोडी लावलेली आहे, एकूण बारा वेळा. पाहुण्यांचं करा आणि वाचा-सांगा; मुलं वाढवा आणि वाचा-सांगा. घर आधी की पोथी आधी, असा वादच तिथं उभा केलेला नाही. शेवटी तिघांची मतं येतात आणि त्यातले नाक मौद्गल्य म्हणतात की स्वाध्याय आणि प्रवचन हेच तप. नुसतं वाचून थांबायचं नाही, दुसऱ्याला सांगायचंही आहे. वाचलेल्या पुस्तकावर लिहिणारे आज जे करतात, ते या जोडीतलं दुसरं काम म्हणायला हरकत नाही.

महिपती मुळात वाचक होते. संतचरित्रं आपण मनानं रचली नाहीत, नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांच्या ग्रंथांचा आधार घेतला, असं 'भक्तविजया'च्या सुरुवातीलाच ते सांगून टाकतात. शपथ घेतल्यावर ते रानात गेले नाहीत. गावात, बायकामुलांत राहिले. आणि गंमत अशी, की हिशेबाच्या दप्तरावर पाणी सोडणाऱ्या याच माणसानं 'भक्तलीलामृता'त एकनाथांची ती प्रसिद्ध गोष्ट रंगवली आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे हिशेब लिहिताना नाथांना मेळ लागेना. रात्रभर दिवा लावून बसले, अखेर बारीकशी चूक सापडली आणि आनंदानं त्यांनी टाळी वाजवली. एवढ्याशा चुकीसाठी जे चित्त असं लागतं ते भगवंताकडे लागलं तर काय होईल, हे गुरूंनी तिथंच ओळखलं. म्हणजे महिपतींचं भांडण हिशेबाशी नव्हतं. पूजेतून उठवणाऱ्या धन्याची चाकरी त्यांना नको होती. त्यांच्या शपथेचा अर्थ 'नोकरी सोडा, मग वाचन होईल' असा लावणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

मोकळा वेळ मिळाला की लिहून होतं, हेही तितकंसं खरं नाही. त्याचा दाखला याच जिल्ह्यात, नगरच्या भुईकोट किल्ल्यात आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे नेते तिथं कैदेत आणून ठेवले. ना सभा, ना दौरे. तरी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'चं लेखन नेहरूंनी सुरू केलं ते एप्रिल १९४४ मध्ये. तोवर वीस महिने गेले होते. ते वाचत होते, बागेत खपत होते. एकदा बसल्यावर मात्र सप्टेंबरपर्यंत ग्रंथ हातावेगळा झाला. त्याच भिंतींआड मौलाना आझाद आल्या आल्या, ऑगस्टमध्येच लिहू लागले. कारण त्यांच्यापुढं ऐकणारा ठरलेला होता: मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी. टपालात न पडणारी ती पत्रं. त्यांत चहा आहे, चिमण्या आहेत, ईश्वराच्या अस्तित्वाचा ऊहापोह आहे. १९४६ मध्ये ती 'गुबार-ए-खातिर' या नावानं छापून आली.

उलट लक्ष्मीबाई टिळकांना मोकळा वेळ असा कधी मिळालाच नाही. शाळा नव्हती, अक्षरओळख नवऱ्याकडून झाली. नगर आणि राहुरीतला त्यांचा संसार म्हणजे पाहुणे, सांभाळायला घेतलेली मुलं आणि हातात पैसा न टिकणारे टिळक. बालकवी ठोमरेही त्या घरात राहून गेले. तरी 'स्मृतिचित्रे' झालं आणि टिळकांनी अपुरं ठेवलेलं 'ख्रिस्तायन' त्यांनी पुढं नेलं. स्वयंपाकघर, भांडणं, फजित्या हाच 'स्मृतिचित्रे'चा मजकूर आहे. त्या गडबडीतून लक्ष्मीबाईंना सोडवलं असतं, तर लिहायला काय उरलं असतं?

राहता राहिला वाचनाचा नेम. नेमाची भीती अशी, की तो यंत्र होतो. नेवाशात १२९० मध्ये सांगितल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीच्या सुमारे ९,००० ओव्या सप्ताहात सात दिवसांत वाचून काढतात, तेव्हा कितीजणांना अर्थ लागत असेल? वर्षाला अमुक पुस्तकं संपवायचीच, असा पण करून पानं उलटणाऱ्यांची गत वेगळी नाही. पण म्हणून नेम टाकायचा नसतो; त्याचं माप कमी करायचं असतं. दिवसभर शेतात राबलेल्या माणसांनी रात्री दिव्यापाशी ऐकायची पोथी अध्यायांत बांधलेली असते, ती काही उगाच नाही.

ज्यांचं वाचन सुटलं आहे, त्यांनी सुट्टीची किंवा निवृत्तीची वाट पाहू नये. घरात पोथी असेल तर पोथी, नसेल तर हाताला येईल ते पुस्तक; ज्याला सांगायचं असा एक माणूस ठरवावा, नाहीतर एक वही करावी आणि दहा ओळींत उतरवावं. 'भक्तविजया'चे अध्याय ५७ आहेत. आषाढीला सुरुवात करून रोज अर्धा अध्याय वाचला, तरी पोथी कार्तिकीच्या आत संपते.