पूर्वपक्ष कोण मांडणार?

धर्माच्या तत्त्वज्ञानात पीएचडी करू पाहणाऱ्या अमेरिकेतल्या ख्रिस्ती विद्यार्थ्याची दोन ठिकाणी उलटतपासणी होते. चर्चमधल्या वडीलधाऱ्यांना काळजी असते, की हे सगळे वाचून पोराची श्रद्धा ढळेल. विभागातल्या सहाध्याय्यांची तक्रार नेमकी उलटी: याची श्रद्धा ढळणारच नाही, मग हा संशोधन कसले करणार? निष्कर्ष खिशात घालून आलेल्या माणसाने युक्तिवाद तपासण्याचे सोंग का आणावे?

या दुसऱ्या आक्षेपाचा दरारा मोठा असला, तरी मला तो पोकळ वाटतो. नीतिशास्त्राचा अभ्यासक निष्पापाचा छळ वाईट की चांगला हा निर्णय राखून ठेवून वर्गात येत नाही. निरीश्वरवादी विद्यार्थीही ठाम मते घेऊनच येतो आणि त्याला त्याबद्दल सहसा कोणी जाब विचारत नाही. कुठून निघालात यावरून अभ्यासकाची पारख करू नये. वाटेत मत बदलण्याची वेळ आली तर ते बदलण्याची मोकळीक त्याला आहे का, हे पाहावे. नेमकी हीच मोकळीक आजच्या ख्रिस्ती विद्यार्थ्याला कमी पडते, आणि त्याचे कारण त्याच्या श्रद्धेपेक्षा त्याच्या गोटाला मिळालेल्या यशात आहे.

गेल्या शतकाच्या मध्याला चित्र निराळे होते. तार्किक प्रत्यक्षार्थवादाचा अंमल ओसरत असला, तरी ‘ईश्वर आहे’ हे विधान अर्थपूर्ण तरी आहे का, असा प्रश्न इंग्लंड-अमेरिकेतल्या तत्त्वज्ञांत सर्रास विचारला जाई. १९५५ मध्ये जे. एल. मॅकी यांनी ‘माइंड’ या नियतकालिकात असे मांडले, की सर्वशक्तिमान आणि सर्वथा चांगला ईश्वर मानायचा आणि जगात अशुभ आहे हेही मानायचे, यात तार्किक विसंगती आहे. मिशिगनमधल्या कॅल्विन कॉलेजात शिकवणाऱ्या अल्विन प्लांटिंगा यांनी १९७४ च्या दोन पुस्तकांत याला उत्तर दिले. निवडीचे खरे स्वातंत्र्य असलेली माणसे निर्माण करायची आणि ती कधीच वाईट वागणार नाहीत याची हमीही द्यायची, हे सर्वशक्तिमानालाही कदाचित जमणारे नसेल. आणि विसंगतीचा आरोप मोडायला एवढे ‘कदाचित’ पुरते. कितीतरी निरीश्वरवाद्यांनी हे मान्य केले. १९७८ मध्ये ‘सोसायटी ऑफ ख्रिश्चन फिलॉसॉफर्स’ स्थापन झाली. १९८३ मध्ये नोटर डेम विद्यापीठातल्या भाषणात प्लांटिंगांनी ख्रिस्ती तत्त्वज्ञांना सांगितले, की इतरांच्या फॅशनमागे धावू नका, आपले प्रश्न आपण निवडा, आणि ईश्वर आधी सिद्ध केल्याशिवाय पाऊल उचलायचे नाही हा दंडक मानू नका. आजही विद्यार्थ्याच्या हाती पहिल्यांदा पडतो तो बहुधा या भाषणाचाच लेख.

चहूकडून घेरलेल्या अल्पसंख्याकांसाठी हा सल्ला रास्त होता. पण तत्त्वज्ञांची मते अजमावणाऱ्या २००९ च्या फिलपेपर्स पाहणीत सर्व तत्त्वज्ञांपैकी सुमारे ७३ टक्के निरीश्वरवादाकडे झुकलेले होते, आणि धर्माच्या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांत जवळपास तेवढेच टक्के ईश्वरवादी. हा विषय शिकल्याने श्रद्धा वाढते असा अर्थ यातून कोणी काढू नये. श्रद्धा असलेलेच इकडे वळतात, एवढेच बहुधा त्यातून दिसते. म्हणजे विद्यापीठात अल्पसंख्य असलेला विद्यार्थी आपल्या विषयाच्या परिषदेत गेला की बहुसंख्याकांत जाऊन बसतो. मार्गदर्शक आपल्यातले, नियतकालिकाचे संपादक आपल्यातले, आक्षेप घेणारेही बरेचसे आपल्यातलेच.

शिवाय नोकरीचा प्रश्न आहे. या विषयाच्या मोजक्या जागांपैकी बऱ्याच ख्रिस्ती महाविद्यालयांत असतात आणि त्यांतल्या अनेक ठिकाणी श्रद्धेच्या जाहीरनाम्यावर सही करावी लागते. डिसेंबर २०१५ मध्ये व्हीटन या ख्रिस्ती कॉलेजातल्या राज्यशास्त्राच्या प्राध्यापिका लॅरिशिया हॉकिन्स यांनी ख्रिस्ती आणि मुस्लिम एकाच ईश्वराची उपासना करतात असे लिहिले. त्यांना रजेवर पाठवण्यात आले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये कॉलेजशी त्यांचे संबंध संपले. दोन परंपरांची वर्णने जुळत नसतील तर दोघांचा रोख एकाच ईश्वराकडे आहे असे म्हणता येते का, हा धर्माच्या तत्त्वज्ञानातला अस्सल प्रश्न. परिसंवादात त्यावर दोन्ही बाजूंनी बोलता येते. पगारपत्रकावर नाव चढले की एकाच बाजूने. हे ठाऊक असलेला विद्यार्थी प्रबंधाचा विषय निवडताना कुठे वळणार नाही, हे सांगायला नको.

म्हणून त्याने तत्त्वज्ञ विल्यम रो मन लावून वाचावेत असे मला वाटते. रो स्वतः तरुणपणी धर्मशास्त्राच्या सेमिनरीत शिकले होते आणि पुढे निरीश्वरवादी झाले. १९७९ च्या निबंधात त्यांनी मॅकींपेक्षा साधा दाखला दिला: दूर रानात वणवा लागतो, हरणाचे पाडस होरपळते, काही दिवस तडफडून मरते. ते कोणी पाहत नाही, त्यातून कोणी काही शिकत नाही. याने कोणाचे काय भले झाले? भले झाल्याचे दिसत नसेल, तर बहुधा ते झालेच नाही. याच निबंधात रो हेही म्हणतात, की विचारी माणूस ईश्वरवादी असू शकतो; असा प्रतिपक्षी मिळणे भाग्याचे.

ख्रिस्ती गोटाचे ठरीव उत्तर असे, की ईश्वराची कारणे आपल्याला दिसत नाहीत म्हणून ती नाहीतच असे होत नाही. तर्क म्हणून हे ठीक आहे. पण या विद्यार्थ्याला रात्री प्रार्थनाही करायची असते. ईश्वराची कारणे इतकी अगम्य असतील, तर त्याने दिलेल्या वचनांमागचा हेतू तरी आपल्याला कळला हे कशावरून? वचन मोडण्यामागेही आपल्याला न कळणारे एखादे मोठे भले नसेल कशावरून? निरीश्वरवाद्याला हा प्रश्न सोडून देता येतो. श्रद्धावानाला येत नाही, आणि श्रद्धा इथे अभ्यासाच्या आड येण्याऐवजी त्याला धार लावते. तत्त्वज्ञ आणि एपिस्कोपल धर्मगुरू मॅरिलिन मॅकॉर्ड अ‍ॅडम्स यांनी १९९९ च्या पुस्तकात वेगळी वाट धरली: ईश्वर दुःख का होऊ देतो हे विचारण्यापेक्षा, दुःखाने चिरडलेल्या त्याच माणसाचे आयुष्य तो पुन्हा अर्थपूर्ण कसे करील हे विचारा, आणि उत्तरात क्रूस आणायला लाजू नका. प्लांटिंगांच्या सल्ल्याचे हे मला सर्वांत चांगले फळ वाटते. रोंच्या पाडसाला मात्र त्यातही सहज जागा मिळत नाही.

तोलामोलाच्या प्रतिपक्षाशी वाद घालण्यावरून आपल्याकडचे नीळकंठशास्त्री गोरे आठवतात. काशीत वाढलेल्या या कोकणस्थ पंडिताने १८४४-४५ च्या सुमारास ख्रिस्ती मताच्या खंडनासाठी संस्कृतात ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहिला. १८४८ मध्ये त्यांनी स्वतःच बाप्तिस्मा घेतला, आणि नेहेम्या गोरे होऊन पुढे ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून सहाही दर्शनांवर टीका केली. बाप्तिस्म्यानंतरही शंकांनी त्यांचा पिच्छा सोडला नाही. त्यांचे लेखन आज एकांगी वाटते आणि दर्शनांना त्यांनी न्याय दिला असे मी म्हणणार नाही. पण आपण कोणाशी वाद घालतो आहोत हे त्यांना ठाऊक होते. समोरचे पंडित शास्त्रे त्यांच्याइतकीच, कधी अधिक, जाणत होते.

असा प्रतिपक्ष अमेरिकेतल्या विद्यार्थ्याने मुद्दाम शोधायला हवा. प्रबंधाच्या समितीत एक तरी परीक्षक असा असावा, ज्याला निष्कर्ष मुळीच पटणार नाही. वाचनाच्या यादीत मॅकी आणि रो यांच्यापुढेही जावे. जग हे कार्य आहे, म्हणून घटाला कुंभार तसा त्यालाही बुद्धिमान कर्ता असला पाहिजे, असे नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, म्हणत. अकराव्या शतकातल्या रत्नकीर्ती या बौद्ध पंडिताने या अनुमानातली व्याप्तीच, म्हणजे ‘जिथे कार्य तिथे बुद्धिमान कर्ता’ हा नियमच, तपासायला घेतली. त्याचा प्रतिवाद ख्रिस्ती ईश्वरालाही लागू पडतो का, हा सबंध प्रबंधाचा ऐवज आहे. परिमल पाटील यांचे या वादावरचे पुस्तक २००९ पासून इंग्रजीत आहे, तेव्हा संस्कृत येत नाही ही सबब चालायची नाही.